पाऊणकीचा संदर्भ

चहा पाजून दर वेळी हेच माझ्याकडून वदवून घेता. सांगतो, पण पुन्हा विचारू नका.

नात शाळेतर्फे समुद्रविज्ञानाच्या स्पर्धेला निघालेली. आमच्या डोंगरातल्या सूर्यमाळला उन्हाळ्यात हंडाभर पाणी मिळेना, आणि पोरीला काढायच्या समुद्राच्या नोट्स. मी चौथी नापास, पण डहाणूच्या बोटीवर वीस वर्षं खलाशी होतो. तिला सांगितलं, "तिथीच्या आकड्याची पाऊणकी कर, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणकी तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती." तिनं ते लिहून खाली संदर्भ म्हणून माझं नाव घातलं.

तिच्या देसले सरांनी लाल पेनानं सगळं खोडलं. "डोंगरातल्या म्हाताऱ्याचा संदर्भ चालत नाही. पुस्तक दाखव."

स्पर्धा डहाणूला, आणि नेमकी चतुर्थी. मुलं एसटीनं गेली, सर नव्या मोटारसायकलवर. ती त्यांनी सरळ वाळूत लावली.

नात म्हणाली, "सर, गाडी वर घ्या. तीनला भरती आहे."

"कोण म्हणतं?"

"आजा."

सर हसले आणि हॉलमध्ये जाऊन बसले. तीनला बाहेर आले, तेव्हा पाण्यावर गाडीचे दोन आरसे तेवढे दिसत होते. कोळ्यांनी ओढून काढली.

आता शाळेच्या छापील नोट्समध्ये पाऊणकी परत आलीय. खाली छापलंय, 'संदर्भ: प्रत्यक्ष निरीक्षण', आणि त्यापुढे सरांचं नाव. माझं खोडलं ते खोडलंच. साधी माफी मागायलासुद्धा अजून सूर्यमाळचा घाट चढले नाहीत, ते देसले सर.