मग गहू आला कुठून?

रविवार, सकाळचे साडेदहा. पंचवटी, भाजीबाजाराच्या मागची झुंबरशेठची पिठाची गिरणी. मी मोबाइलचा टॉर्च लावून गिरणीच्या तोंडात डोकं घातलेलं, आणि मागे दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत... बघणारच! एक बाई तर म्हणाल्या, "अहो, काय पडलं का आत तुमचं?" आता काय पडलं म्हणून सांगू? तुम्हाला सांगतो, उभा जन्म बातमीदारीत गेला, पुढाऱ्यांनी दाबलेले घोटाळे बाहेर काढले, कार्यालयांच्या पायऱ्यांवर ठिय्या दिला, पण जात्यात डोकं घालायची वेळ कधी आली नव्हती. ती आली पोरीपायी.

सायली माझी मुलगी, सातवीला आहे. तिला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे काय, तर गव्हातलं ते ग्लूटेन पोटात गेलं की आतडंच सोलून निघतं. पोळी बंद, पाव बंद, बिस्किट बंद, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद. लोकांना हे सांगितलं की लोक काय विचारतात ठाऊक आहे? "थोडा चालतो का?" नाही हो चालत! "मग तुपात भाजून?" नाही! "पण आमच्या शेताचा सेंद्रिय गहू आहे..." अहो, तुमचा गहू सेंद्रिय असेल, पोरीचं आतडं पण सेंद्रियच आहे ना!

तर पोळी बंद करून वर्ष झालं. पोर ज्वारीची भाकरी खाते, भात खाते, एका शब्दाने कुरकुरत नाही. आणि तरी पोट दुखतंय, केस गळतायत, शाळेत उंचीप्रमाणे रांग लावली की पहिली उभी. तिच्या वर्गातल्या मुली आता मनीषाच्या, म्हणजे तिच्या आईच्या, खांद्याला लागतात. ही अजून चौथीतली वाटते. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "आकडा खाली येत नाहीये. हिच्या पोटात अजून गहू जातोय. लवकर शोधा. उंची वाढायचं वय पुन्हा येत नसतं."

जातोय! पण आमच्या घरात गव्हाचा दाणा नाही, आम्ही सगळेच भाकरी खातो. मग गहू आला कुठून?

म्हणून गिरणी. मी झुंबरशेठला धरलं. म्हटलं, "माझी ज्वारी कशानंतर दळता? गव्हानंतर? हो की नाही, एवढंच सांगा."

"भाऊ, ही गिरणी हाय, कोर्ट नाय. जो डबा पुढं, ते दळण."

"आणि मध्ये जातं साफ कसं करता?"

"मूठभर दाणं टाकतो की. जातं धुऊन निघतं."

"कसले दाणे?"

"जे हाताला लागतील ते."

"म्हणजे गहू!"

"मग काय मोती टाकू?"

बायका हसल्या. मी नाही हसलो. मला वाटलं, सापडला चोर! पहिल्याच दिवशी कबुलीजबाबासकट! घरी आलो, मनीषाला म्हटलं, घरघंटी घ्यायची. घेतली. स्वयंपाकघरात कोपऱ्यात ती अशी घरघरायला लागली की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, "बोअर मारताय का?" पण म्हटलं, घरघरू दे. आपली ज्वारी, आपलं जातं, आता बघतो आकडा कसा उतरत नाही ते.

नाही उतरला. उलट टोचल्यासारखा वर गेला. डॉक्टर म्हणाले, "जातोय अजून."

मग गहू आला कुठून?

मग मी मसाल्याचा डबा काढला. हिंग! तुम्ही कधी हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचलीत? वाचू नका, झोप उडेल. डबीवर मोठ्या अक्षरात हिंग, आणि मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात मैदा. म्हणजे वर्षभर आम्ही पोरीच्या वरणाला मैद्याची फोडणी देत होतो! कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाज, "सर, आपकी समस्या हमारे लिए बहुत महत्त्वपूर्ण है." म्हटलं, माझी समस्या कुणाला महत्त्वाची आहे ते सोडा, हिंगात मैदा का? "सर, लिखा हुआ है." म्हटलं, कुणी वाचायचं, मुंग्यांनी? तर बाईंनी गाणं लावून दिलं. गाणं संपलं, फोनही संपला.

हिंग फेकला. तांदळाच्या पिठातला आणला. लोणचं फेकलं, पापड फेकले, सोया सॉस फेकला. बाहेरचं खाणं तर कधीच बंद. एकदा नेली होती हॉटेलात, वेटरला पाऊण तास समजावलं, तो सगळं ऐकून म्हणाला, "साहेब, टेन्शन नका घेऊ, जैन करून देतो." एका लग्नात मानकरीण बाईंनी तिच्या ताटात शिरा वाढला. मी ओरडलो तर म्हणतात, "पोळी नाही म्हणालात ना? हा शिरा आहे, रव्याचा!" अहो, रवा काय झाडाला लागतो? तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, सायली मांडीवर डबा घेऊन कोपऱ्यात बसते. लोक विचारतात, मुलगी रुसलीय का? ती म्हणते, नाही, मला हेच आवडतं. खोटं बोलते हो. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला इतकं सफाईदार खोटं बोलता येऊ नये.

आणि एवढं करून पुढचा रिपोर्ट? तसाच!

आता संशय घरात आला. बातमीदाराची ही वाईट खोड असते. मी मनीषाला विचारलं, तवा कोणता वापरतेस, चमचा कुठला, शेजारून वाटी आली का... ती भाकरी थापत होती. हात थांबले. म्हणाली, "उलटतपासणी घेताय माझी?" म्हटलं, तसं नाही. "तसंच आहे. पोर माझी पण आहे. जा, पेपरात छापा, आईनेच घातलं विष." दोन दिवस घरात घरघंटीखेरीज कुणाचा आवाज नव्हता.

घरात चौघं. मी, मनीषा, सायली आणि माझी आई. आईला कोण विचारणार? आई म्हणजे नवसाबाई. सटाण्याकडची, नवसाने झालेली म्हणून हे नाव. ज्वारी गावाकडून तीच आणते, तीच निवडते, तीच डब्यात भरते, आणि निवडलेल्या ज्वारीत कुणी हात घातलेला तिला खपत नाही. नातीवर असा जीव, की सायली आजारी पडली की ही सकाळच्या एसटीने गावाला. गावच्या देवीची ओटी भरायची, पोरीसाठी पदर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. मी म्हणायचो, जाऊ दे, तेवढाच म्हाताऱ्या माणसाला आधार.

तुम्हाला सांगतो, गेल्या पावसाळ्यात सायलीचं पोट फार दुखलं. आई गावाला जाऊन आली. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत निघालो होतो, आणि आई ज्वारीच्या डब्यापाशी. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. पदराची गाठ सोडली, मुठीत काहीतरी घेतलं, डब्यात टाकलं आणि कोपरापर्यंत हात घालून ज्वारी ढवळली. चांगली तळापासून!

मी म्हटलं, "आई, काय टाकलंस?"

"काय नही रे. देवीची ओटी शे. पुजारी मूठभर परत देतस ना, ती."

ओटी कशाची भरते आई? गव्हाची!

कप माझ्या हातात तसाच. म्हणजे बघा, पोर आजारी पडली की आई देवीला, देवीकडून मूठ पदरात, पदरातून डब्यात, डब्यातून घरघंटीत, घरघंटीतून भाकरीत, भाकरीतून पोरीच्या पोटात, की पोर आजारी, की आई पुन्हा एसटीत! जितकी पोर खंगली तितक्या आईच्या खेपा वाढल्या, आणि जितक्या खेपा वाढल्या तितकी... आणि मी? मी गिरणीत टॉर्च मारतोय, मुंग्यांची अक्षरं वाचतोय!

म्हटलं, "आई, अगं हे गहू आहेत."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी देवळात चप्पल घालून गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं. "गहू कुठे? परसाद शे."

संपली मुलाखत! मंत्र्याला उलटा प्रश्न विचारणारा मी, गार चहा घेऊन गॅलरीत गेलो. काय सांगू? की आई, वर्षभर तू हात जोडून नातीला... नाही सांगता आलं. तिचं वय ऐंशीच्या पुढे, छाती नाजूक. ज्या हाताने तिने पोरीला न्हाऊ-माखू घातलं, तो हात, हे कळलं तर, ती पुन्हा कशाला लावणार नाही.

रात्री मनीषाला सांगितलं. तिने उठून आईच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्ही सांगा. तुमची आई." मी म्हटलं, तूच सांग, तुझं ऐकते. शेवटी कुणीच नाही सांगितलं. मनीषाने दुसरा डबा आणला, दुकानातली ज्वारी भरली, घरघंटी कोपरे उकरून पुसली. आईचा डबा जागेवरच. आई त्यात मूठ टाकते, ढवळते, हात जोडते. त्यातली ज्वारी जाते खालच्या काकांकडे. त्यांना गहू चालतो. भाकरी मऊ होते म्हणतात.

आणि आकडा उतरला! पहिल्यांदा! डॉक्टरांनी विचारलं, "सापडला का?" मी म्हटलं, सापडला. "कुठे होता?" मी म्हटलं, जवळच होता. सायलीचे केस गळायचे थांबले, भिंतीवर तिच्या उंचीची पेन्सिलीची नवी रेघ जुन्या रेघेच्या वर गेली. मनीषा भिंतीकडे तोंड करून रडली. मला वाटलं, आता मिटलं.

आईने ती रेघ पाहिली आणि हात जोडले. "पाहे किशोर, देवी पावनी पोरले! आते नवस फेडना पडी."

म्हटलं, फेडू की. काय बोलली होतीस?

पुरणपोळीचा नैवेद्य. सगळ्या भाऊबंदांसमोर. आणि देवीला दाखवून झाला की त्याच पोळीचा पहिला घास सायलीने खायचा.

मनीषा घाईघाईने सासूला म्हणाली, "आत्या, तांदळाच्या पिठाच्या करू का? मी करते." आई हसली. "देवीशी थट्टा करतीस का वं? गहू आपल्या मळ्याचा शे, पोळ्या मी लाटसू. आते हात चालस, पुढल्या साली कोण जाणे."

हसलो आम्हीही. कसं हसलो ते विचारू नका. नंतर सायली माझ्याजवळ येऊन बसली. तिला आज्जीच्या डब्याचं ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. म्हणाली, "पप्पा, आज्जीला नका सांगू. मी खाईन एक घास. दुखेल थोडे दिवस. सवय आहे मला."

गहू आला कुठून, हे शोधायला मला वर्ष लागलं. आता तो कुठे चाललाय हे घरातल्या तिघांना आधीच ठाऊक आहे.

मंगळवारी सकाळची एसटी आहे. चार तिकिटं काढलीत. आईला कोण सांगणार, हे अजून कुणी बोललेलं नाही.