पहिला गडी कुणी निवडायचा

दुष्काळात आमचं तळं आटलं, तवा आमी तळ्यातच क्रिकेट खेळायचो. मी आन् रमेश कॅप्टन. पहिला गडी कुणी निवडायचा, यावरून रोज भांडण.

मी म्हणलो, "काल जो हरला त्यानं आधी निवडायचं. ह्येच न्यायाचं हाय."

रमेश म्हणला, "मग पुढचे दोन गडी माझे."

वाद लई लांबला. सगळे उन्हात उभे. पांडूला आमी कायम शेवटी घ्यायचो. त्यो शांतपणे म्हणला, "तुमी ठरवा निवांत. मी तर शेवटीच हाय. तवर सोसायटीपाशी पाण्याचा टँकर आलाय, त्यावरून घागर भरून आणतो."

मी रमेशला म्हणलो, "बरं, पुढचे दोन तुझे."

त्यो आल्यावर मी पहिलं नाव त्याचंच घेतलं. तर त्यो मागं वळून बघाया लागला, दुसरा पांडू कोण हाय म्हणून.