एका हयातीच्या दाखल्याअभावी

विषय : 'आपला गाव' हा अभ्यासक्रम सामाजिक शास्त्रांतील सामान्य शिक्षणाचा विषय म्हणून मान्य करणेबाबत.

चहा निवायच्या आत सांगून होईल. पंचाहत्तर साली सांगलीच्या आमच्या कॉलेजात हा अर्ज माझ्या टेबलावर आला. निकष असा, की अभ्यास हयात माणसांचा हवा. मेलेल्यांचा असेल तर तो इतिहास. मान्यता हुकली तर शिकवणाऱ्या पाटणकर सरांची हंगामी नोकरी जूनमध्ये संपणार होती.

सोबत औंधच्या गावकऱ्यांच्या मुलाखती होत्या. तिसरी माझ्या मामाची. फौजेतून पेन्शनीत आलेल्या या मामाला मी चार वर्षांपूर्वी खांदा दिला होता.

"सर, हा माणूस वारलाय."

"काहीतरीच काय! देवळाच्या पायरीवर तासभर बोलले माझ्याशी. वाचा तरी."

वाचलं. 'भाचा सोमवारी हेडक्लार्क हुतोय. पर औंधला काय येत न्हाई.'

अर्जावर आवकेचा शिक्का मीच शनिवारी मारला होता. माझ्या बढतीचा हुकूम निघाला त्यानंतरच्या सोमवारी.

घाबरलेला कारकून शेरा मारतो. मी लिहिलं, 'माहिती देणाऱ्यांचे हयातीचे दाखले जोडावेत.'

आठवड्याने सर सगळे दाखले घेऊन आले, एक सोडून.

"तुमचे मामा ऐकत नाहीत हो. म्हणाले, 'पेन्शनीपायी दर साली दाखला देऊन कटाळलो. आता भाच्यालाच हितं येऊन बघाय सांगा.'"

मी अजून औंधला गेलेलो नाही. सरांची नोकरी जूनमध्ये संपली. अर्ज प्रलंबित आहे.