बादलीतली फांदी

वहिनी : आधी शिडीवरून खाली उतरा. मग काय ते सांगा.

नणंद : एवढी बादली झाडाला बांधते नि उतरते, वहिनी. दोनच गाठी राहिल्यात.

वहिनी : फाटकाचं कुलूप कसं उघडलंत?

नणंद : दादाने किल्ली दिली होती.

वहिनी : ह्यांनी? तुम्हाला? माझ्या बागेची किल्ली?

नणंद : बागेचीच. घराची मी कधी मागितली नाही.

वहिनी : आणि बादलीत हे काय आणलंय?

नणंद : माझ्या अंगणातल्या नासपतीची फांदी. पाण्यात ठेवली की चार-पाच दिवस फुलं टिकतात.

वहिनी : कमाल आहे! माझं झाड पांढरंशुभ्र झालंय, त्यात आणखी फुलं कशाला? लग्न आहे का झाडाचं?

नणंद : तसंच समजा. ह्याला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. दुसऱ्या जातीच्या नासपतीचं फूल जवळ लागतं. पलीकडच्या प्लॉटमधलं झाड तोडलं ना, तेव्हापासून दादा दर बहराला माझ्याकडून फांदी न्यायचा आणि इथे टांगायचा. पुढचं मधमाश्या बघतात.

वहिनी : दर बहराला?

नणंद : सात वर्षं.

वहिनी : काहीतरीच. बहराच्या दिवसांत हे गाडी सर्व्हिसिंगला न्यायचे. अर्धा दिवस त्यातच जायचा.

नणंद : गाडी माझ्या दारात असायची.

वहिनी : आणि मी मेली गावभर सांगत सुटायचे, आमचं झाड किती गुणी, एकटं असून कसं लगडतं!

नणंद : दादा सांगायचा ते. हसायचा.

वहिनी : माझ्यावर?

नणंद : स्वतःवर. म्हणायचा, खरं कळलं तर ती एक फळ तोंडात घालायची नाही.

वहिनी : नसतंच घातलं! सासूबाईंना मी शिळं वाढते, असं चारचौघांत कोण म्हणालं होतं?

नणंद : मी.

वहिनी : मग? माझ्या दारात पाऊल टाकू नका, हे मी उगाच म्हणाले होते?

नणंद : म्हणून टाकलं नाही. दादा गेला तेव्हाही रस्त्यावरच उभी होते.

वहिनी : पाहिलं होतं मी.

नणंद : माझं चुकलं, वहिनी. आई वाट्टेल ते सांगायची आणि मी खरं धरून चालले. इतकी वर्षं हे बोलायची हिंमत झाली नाही. दादाची गाडी थांबली की वाटायचं, यंदा शेजारच्या सीटवर तुम्ही असाल.

वहिनी : (शिडी धरत) उतरा आता. पडाल आणि तेही माझ्याच माथी येईल.

नणंद : उतरले. बादली काढून नेऊ?

वहिनी : राहू दे. झाडाचा काय दोष?

नणंद : बरं. येते मी.

वहिनी : थांब. हे माझ्याबद्दल काय बोलायचे गं तुझ्याकडे?

नणंद : विशेष काही नाही. मी विचारलं की म्हणायचा, बरी आहे.

वहिनी : बस्स?

नणंद : बस्स. आणि चहा अर्धा टाकून निघायचा. ती जेवायची थांबली असेल म्हणायचा.

वहिनी : थांबलेलीच असायचे. सर्व्हिसिंगवाल्याला शिव्या घालत बसायचे, आमच्या माणसाला उपाशी ठेवतो म्हणून. सात वर्षं हे माझ्या तोंडावर खोटं बोलले. असा संताप होतोय माझा! आणि माणूसच नाही, तर काढू कोणावर?

नणंद : माझ्यावर काढा.

वहिनी : तुझ्यावरच तर काढतेय मघापासून.

नणंद : पण वहिनी, बादलीतलं पाणी रोज बदलायला लागतं. तुम्हाला शिडी चढायची म्हणजे गुडघे…

वहिनी : माझ्या गुडघ्यांचं मी बघेन. तू उद्या आठला ये. उरलेला राग उद्या काढीन.