सुनावणीच्या रांगेतले सासरे आणि सून

वेगवान रेल्वेवरच्या खर्चाची जनसुनावणी होती. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे शिंपी आणि त्यांची सून उभी होती. सून त्याच रेल्वेची इंजिनिअर.

“बाबा, तुमचं भाषण वाचा बघू पुन्हा.”

“एवढा पैसा ओतून चार श्रीमंतांची सोय करायची...”

“ते खोडा. तिकिटाचा दर अजून ठरलेला नाही. पहिल्याच वाक्याला धरतील तुम्हाला.”

“मग काय बोलू? हवापाणी?”

“आईंचं बोला. नव्या गाडीपायी आपली पॅसेंजर बंद झाली, तर त्या उपचाराला जाणार कशा? दोन्ही गाड्यांना पैसा का नाही? एवढंच विचारा.”

“याचं उत्तर आहे तुमच्या लोकांकडे?”

“पुरतं नाही.”

“आणि उत्तर द्यायला उठणार कोण?”

“मीच.”

“अगं, मग स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?”

“गाडी चांगली आहे, बाबा. चांगल्या गाडीला अवघड प्रश्न झेपला पाहिजे. तिच्यासाठी बांधलेला आमचा पूल पाहिलात ना?”

“पाहिला. तासभर बघत उभा होतो. सासूला सांगू नकोस, विरोधात सह्या गोळा करतेय ती.”

आतून त्यांचा पुकारा झाला.

“चला, काठी घ्या.”

“सूनबाई, उत्तर देताना माझी गय करू नकोस हं.”

“नाही करणार. तुम्हीही माझी करू नका.”

“कशी करीन? प्रश्न असा शिवून दिलायस, की मलाही एक टाका उसवता यायचा नाही.”