वेंडेलच्या वडिलांचा सुट्टीचा दिवस

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत. एरवी आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात पुढच्या खुर्चीसाठी रुमाल टाकून जागा धरतात. आज कुणी पुढे येत नाही. समोर मेधा बसली आहे आणि तिच्याकडे बघायचं कसं, हे आपल्याला कळत नाहीये. मलाही कळत नाहीये.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मी सावंत. दापोलीकडचा. जहाजावर हातात पुसायचं फडकं घेऊन चढलो, परीक्षा देत देत इंजिनिअर होऊन उतरलो, आणि गेली पुष्कळ वर्षं इथे सिंगापुरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचं माझं वर्कशॉप आहे. बोलायला मला कधी कागद लागत नाही. आज आणलाय. तरी आवाज नीट लागेल असं नाही.

आपला वेंडेल गेला, त्याला आज बारा दिवस झाले.

आपला म्हटलं मी. मेधा, रागावू नकोस. हा शब्द आम्ही फार उशिरा वापरतोय. खरं सांगू का मंडळी? आपण त्याला काय म्हणायचो? ‘मेधाचा नवरा’. गणपतीला यायचा, शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसायचा, आरतीला उठायचा, प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा. आपण जाऊन विचारायचो, ‘विच कंपनी?’ तो म्हणायचा, ‘नो कंपनी. मी फिल्म करतो.’ मग आपण म्हणायचो, ‘ओह, नाइस,’ आणि मसालेभाताच्या रांगेत जाऊन उभे राहायचो. मीही. दोन वर्षं मीही हेच केलं.

तिसऱ्या वर्षी तोच माझ्याकडे आला. मेधाने त्याला सांगितलं होतं की सावंतकाका जहाजांवर होते. तो म्हणाला, ‘काका, माझे वडीलही होते.’ सगळं बोलणं इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगतो. ‘काका’ मात्र तो मराठीतच म्हणायचा.

त्याचे वडील आफ्रिकन-अमेरिकन, दक्षिणेकडच्या एका लहान गावातले. मालवाहू जहाजावर ऑइलर होते, म्हणजे इंजिनरूममध्ये तेलपाणी बघणारे. अमेरिकेतल्या काही बंदरांत जहाज लागलं की बाकीचे खलाशी उतरायचे आणि ते जहाजावरच थांबायचे. गावात काळ्या माणसाने कुठे बसावं, कुठे खावं, कुठल्या दारातून आत जावं, याचे नियम. ते म्हणायचे, ‘एवढं लक्षात ठेवून फिरण्यापेक्षा खाली इंजिनाजवळ बरं.’ मग एकदा जहाज सिंगापूरला लागलं आणि त्यांना एक दिवसाची सुट्टी मिळाली. ते उतरले. खुर्चीवर बसून जेवले. शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकला. दुपारी झाडाखाली बाकावर झोपले. संध्याकाळी शर्ट घेतला आणि जहाजावर परत गेले. बस. एवढंच. पण तो दिवस ते मुलाला जन्मभर सांगत राहिले.

वेंडेलला त्या दिवसाचा सिनेमा करायचा होता.

मी विचारलं, ‘पुढे काय होतं?’ तो म्हणाला, ‘पुढे काही होत नाही.’ मी म्हटलं, ‘मग बघणार कोण?’ तो हसला. म्हणाला, ‘काका, हा प्रश्न मला दोन देशांत विचारून झालाय.’

खरंच विचारला होता, आणि वर कारणंही दिली होती. अमेरिकेत अर्ज केला, तर तिथले म्हणाले, तू राहतोस परदेशात. इथे अर्ज केला, तर म्हणाले, ही गोष्ट अमेरिकन माणसाची. दोन्हीकडचे कागद दोन्हीकडून परत. एकदा व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या एक बाई होत्या, सिनेमा विकत घेणाऱ्यांपैकी. तेव्हा मी मेधा-वेंडेलच्या क्लेमेंटीतल्या फ्लॅटमध्ये चहा पीत बसलो होतो, आणि माझे कान, तुम्हाला माहीतच आहे, भिंतीपलीकडचा पंप बिघडला तरी मला कळतं. बाई म्हणत होत्या, ‘सुंदर आहे, पण त्याला कुणीतरी दुकानातून हाकलायला हवं ना? पोलीस वगैरे?’ वेंडेल म्हणाला, ‘घरी त्यांना रोज हाकलत होते. म्हणून तर हा दिवस.’ बाई म्हणाल्या, ‘हो, पण प्रेक्षकाला ते दिसायला हवं.’

फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, ‘काळ्या माणसाने पडद्यावर मार खाल्ला तर चालतं. त्याने लोकांना हसवलं तर चालतं. शर्ट शिवायला टाकला, तर विचारतात, का?’

तरी त्याने केला. युनिव्हर्सिटीत अर्धवेळ शिकवून, रविवार रविवार गाठून केला. वडिलांच्या भूमिकेसाठी इथे माणूस कुठे मिळणार? शेवटी बुकित तिमाहच्या एका शाळेत खेळ शिकवणारा अमेरिकन शिक्षक मिळाला. भला माणूस, उंच, पण खांदे सतत ताठ. वेंडेल त्याला दिवसभर एकच सांगायचा, ‘खांदे सोड. आज तुला कुणी बघत नाहीये.’ तो म्हणाला, ‘अरे, मला आयुष्यात ते जमलेलं नाही, ॲक्टिंगमध्ये कसं जमेल?’

हौगांगच्या एका जुन्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, जेवणाचा सीन होता. मीही गेलो होतो, छत्री धरायला. अगदी नाजूक क्षण चालू, शिक्षक खुर्ची ओढून हळूच बसतोय, आणि नूडल्सवाली आंटी ओरडली, ‘ए, आधी ऑर्डर दे लाह! नुसतं बसतो काय!’ आम्ही सगळे गार. वेंडेल मात्र डोळे पुसत हसत होता. म्हणाला, ‘हाच! हाच माझा सीन! ती त्याला दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखी ओरडली.’ ते त्याने ठेवलंय. बघाल तुम्ही.

आता जे सांगण्यासाठी मी उठलो, ते सांगतो.

सिनेमाच्या शेवटी वडील जहाजावर परत जातात. वेंडेलकडे जहाज कुठून येणार? त्याने काय केलं, वडिलांचे इंजिनरूममधले जुने फोटो होते, सात-आठ, ते एकामागून एक पडद्यावर दाखवले आणि त्यावर फक्त इंजिनाचा आवाज लावला. दुसरं काही नाही. त्याच्या सिनेमातलं जहाज म्हणजे तो आवाज.

तो आवाज मी दिलेला.

फोटो त्याने मला तोवर दाखवले नव्हते. तो एवढंच म्हणाला होता, ‘काका, इंजिनरूमचा आवाज हवाय.’ आणि मी, सगळं माहीत असलेला माणूस, म्हटलं, ‘त्यात काय, उद्या ये.’ माझ्याकडे दुरुस्तीला एक जहाज होतं, त्याचं इंजिन चालू करून दिलं. कुठलं जहाज, काय इंजिन, हा पहिला प्रश्न. वर्कशॉपमध्ये पोऱ्यानेही विचारला असता. मी विचारला नाही.

पुढे सिनेमा तयार झाला. अमेरिकेत आफ्रिकन-अमेरिकन सिनेमे गावोगाव दाखवणारी एक लहान मंडळी होती, त्यांनी तो घ्यायचं कबूल केलं. इतक्या वर्षांत आलेला पहिला होकार. पाठवायच्या आधी त्याने तो इथे एका छोट्या हॉलमध्ये दाखवला. मंडळात सगळ्यांना निरोप होता. आपल्यापैकी चौघं आलो. मोजायची गरजच नव्हती, अंधारात खुर्च्या किती कमी करकरतात, ते मला ऐकू येत होतं.

शेवटचे फोटो आले. पहिल्याच फोटोत वडील बॉयलरसमोर उभे. म्हणजे वाफेचं जहाज, स्टीम टर्बाइन. आणि आवाज येतोय डिझेल इंजिनाचा, धडधड धडधड. मंडळी, टर्बाइनला ठोके नसतात. एकसारखी बारीक शीळ असते आणि तिच्याखाली गिअरची घरघर. ज्याने तिथे आयुष्य काढलं, त्याला झोपेतही फरक कळेल. बाकी जगात कुणालाही कळणार नाही.

दिवे लागले. वेंडेल माझ्याकडे आला, ‘कसा वाटला, काका?’ आणि मी बोलून गेलो.

तो जागच्या जागी थांबला. मी लगेच सारवासारव केली, ‘अरे जाऊ दे, कुणाला कळणार आहे!’ तो म्हणाला, ‘माझ्या वडिलांना.’

त्याने अमेरिकेला कळवलं, थोडे दिवस द्या. आणि आम्ही वाफेचं जहाज शोधायला लागलो. आता अशी जहाजं राहिलीत किती? गॅस वाहणारी काही जुनी. त्यातलं एक इथल्या यार्डात येणार होतं. बाहेरच्या माणसाला आत न्यायची परवानगी मिळेना. मी ज्याच्या त्याच्या पाया पडलो. महिने गेले. शेवटी एका सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो. टर्बाइन फिरायला लागलं, शीळ चढत गेली आणि वेंडेलने रेकॉर्डिंगचं मशीन माझ्या हातात देऊन दोन्ही हातांनी रेलिंग धरलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याच्या वडिलांची नि त्याची भेट चालली होती, मी कशाला बघू?

त्या आठवड्यात अमेरिकेचं पत्र आलं. अतिशय सभ्य पत्र. वाट पाहिली, यंदाची यादी भरली. पुढच्या वर्षी ती मंडळीच विखुरली.

मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, ‘वेंडेल, मी तोंड उघडलं नसतं तर आज तुझा सिनेमा तिकडे लागला असता.’ तो म्हणाला, ‘काका, आजवर सगळ्यांनी मला सांगितलं की सिनेमात काय असायला हवं होतं. त्यात काय आहे, हे ऐकणारे तुम्ही एकटे. आय ॲम फाइन.’

शब्द किती चांगले होते बघा. आणि मला ऐकू आलं, तो फाइन नव्हता. शेवटच्या तीन शब्दांत आवाज पार खाली बसला होता. बेअरिंग जायच्या आधी असा आवाज येतो. इंजिनाचा असता तर मी जागेवरून हललो नसतो. पण मला त्यातून माझी सुटका हवी होती. मी म्हटलं, ‘चल, मग छान,’ आणि घरची एमआरटी ट्रेन पकडली.

इंजिनाचा आवाज चुकला तेव्हा मी लगेच बोललो. माणसाचा चुकला तेव्हा गप्प बसलो. त्यानंतर दोन वर्षं तो होता. गणपतीला आला, त्याच कडेच्या खुर्चीवर बसला. मी लांबून हात केला. त्याचं हृदय असं एका दुपारी, बसस्टॉपवर बसल्या बसल्या थांबेल, हे कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. पण तो एकटा पडलाय, हे मला ऐकू आलं होतं. ते मी नाही म्हणू शकत नाही.

मेधा, तुझी माफी चार भिंतींत मागून माझं भागलं असतं. पण ज्यांच्यासमोर तो एकटा बसायचा, त्यांच्यासमोरच मागायची होती.

मंडळी, अशा सभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहून शांत राहतात. त्याच्याशी आपण पुष्कळ वर्षं शांत राहिलो. आज मेधा त्याचा सिनेमा दाखवणार आहे, दुरुस्त केलेल्या आवाजासकट. तो हॉलभर माणसांना दाखवायची ही पहिलीच वेळ. एक तास वीस मिनिटं आहे. तेवढी शांतता पाळा. फोन बंद करा. काही घडत नाहीये असं वाटलं तरी बसून राहा.

आणि दिवे लागले की लगेच चपला शोधू नका. मेधाजवळ या. काय दिसलं, काय ऐकलं, काय आवडलं नाही, तेही सांगा. तिला ऐकायचंय.

वेंडेल, बाबा, उशीर झाला. पण आज बसलोय सगळे. तुला आणि तुझ्या वडिलांना, दोघांना माझा नमस्कार.

दिवे बंद करा.