चौथ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दुबईतल्या मराठी मंडळाचे कारभारी श्री. उपेंद्र दातार, आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागाचे प्रमुख वासिफ सर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. सूर्यकांत इंगवले सर, त्यांच्या शेजारी बसून मघापासून मला नजरेनेच धीर देणाऱ्या त्यांच्या पत्नी वीणाकाकू, मंडळाचे सर्व सभासद, आणि अगदी मागच्या रांगेत ट्रॅकसूट घालून बसलेल्या आमच्या फुटबॉल संघातल्या मुली, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी अनुपमा. याच संघात तीन वर्षं खेळले, गेल्या वर्षी पदवी घेतली, आणि आता संघाचे प्रशिक्षक इंगवले सर यांची सहायक म्हणून काम करते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. तेव्हा व्यासपीठ, माइक, समोर पहिल्या रांगेत आपले बाबा, याची सवय आमच्याकडे कुणालाच नाही. बाबा अल क्वोजच्या वर्कशॉपमधून थेट इथे आलेत आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले दिसतायत. मला समजून घ्या.

इंगवले सरांविषयी चार गोड शब्द बोलावेत अशी उपेंद्रकाकांची सूचना होती. मी तयारीही तशी केली होती. पण परवा सरावानंतर सरांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "अनुपमा, माझं कौतुक करायला मंडळात माणसं ढीगभर हायत. तू टीमचं सांग. तीन सामने झाले, काय चांगलं हाय, काय वाईट हाय, खरं खरं सांग. तेवढा निरोप मला पुरे."

म्हणजे आज माझ्यावर दोन कामं आहेत. निरोप द्यायचा आहे आणि परीक्षणही करायचं आहे. दोन्ही एकत्र करणं किती अवघड जाणार आहे, हे सरांना ते सांगताना ठाऊक होतं का? मला अजूनही कळलेलं नाही.

मंडळातल्या ज्यांनी आमचे सामने पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर दिवसभर जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात मालवाहतुकीचं काम बघायचे आणि संध्याकाळी आमच्या मैदानावर यायचे. पगार तिकडे, आरडाओरडा इकडे. आता त्यांची नोकरी संपली, तिच्याबरोबर व्हिसाही संपतोय, आणि रविवारच्या विमानाने सर आणि काकू कोल्हापूरला परत चाललेत. हंगाम नेमका आत्ता सुरू झालाय. उद्या शनिवारी आमचा चौथा सामना आहे, तोही गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी.

आणि हा सामना नुसता सामना नाही. वासिफ सरांनी मागच्या आठवड्यात आम्हाला समोर बसवून सरळ विचारलं होतं, "इंगवले साहब के बाद कौन?" मग तेच म्हणाले, "कल को आधे सीज़न में टीम बिखर गई तो कॉलेज की बदनामी है। मैं चौथा मैच देखूँगा, फिर फ़ैसला करूँगा।" फैसला म्हणजे संघ हंगामभर खेळणार, की कॉलेज त्याला स्पर्धेतून मागे घेणार. वासिफ सर, आपकी बात ही बता रही हूँ, शिकायत नहीं कर रही.

आता परीक्षण. आधी बळ.

आमची उजवी बाजू वेगवान आहे. गोलरक्षक मैथिली हवेतला चेंडू सोडत नाही. आणि मधल्या फळीत यम्ना आहे, आमची कर्णधार. तिला सगळं मैदान दिसतं. तिच्या पायात चेंडू असताना समोरच्यांना दोन पावलं मागे जावं लागतं. हे मी कौतुक म्हणून नाही, पाहिलेलं सांगते.

पण पहिला सामना आम्ही जिंकलो तो याच्याही पलीकडच्या एका बळावर. सरांचा आवाज. कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेल्या माणसाचा तो आवाज आहे, त्याला माइक लागत नाही. आमच्या संघात पाच देशांच्या मुली आहेत, पण सर ओरडतात ते मराठीतच. "मागं बघ!" "सोड की गं!" "हाण!" नैरोबीची मुलगी काय, मनिलाची काय, सगळ्यांना हे हुकूम पाठ आहेत. समोरच्या संघाला ओ का ठो कळत नाही. सर मला खुशीत म्हणाले होते, "दुबईत आपली भाषा म्हंजे कुलूपच की गं. किल्ली फकस्त आपल्याकडं."

दुसऱ्या सामन्यात काय झालं? समोरच्या संघातल्या एका मुलीची आई प्रेक्षकांत बसली होती. इचलकरंजीची. सर "उजवीकडनं!" म्हणून ओरडले की पुढच्या क्षणी बाई उभ्या राहून लेकीला सांगायच्या, "राइट साइड, बेटा, राइट साइड!" मध्यंतरात त्या चहाचा थर्मास घेऊन सरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "कुठल्या पेठेतले हो तुम्ही?" सरांनी चहा घेतला. आम्ही तीन शून्यने हरलो.

हसा तुम्ही. आम्हीही नंतर हसलो. या शहरात आपलं बोलणं कुणाला कळणार नाही असं समजायची चूक आपण मराठी माणसंच करू शकतो. पण त्या रात्री मी आमच्याच सामन्याचं चित्रीकरण बघत बसले आणि माझं हसू गेलं. कारण त्या बाईंमुळे आम्ही हरलो नव्हतो. वाट अडवली गेल्यावर आमच्यापैकी एकीनेही दुसरी वाट शोधली नाही. जी ती बाकाकडे बघत होती. पुढचा शब्द कधी येतो याची वाट बघत.

मग तिसरा सामना, शारजाला. तो सर विसरणार नाहीत. दमट हवा, आदल्या सामन्यात ताणलेला घसा, आणि मध्यंतराच्या आधीच सरांचा आवाज गेला. बसला नाही, पूर्ण गेला. काकूंनी ज्येष्ठमध दिलं, गरम पाणी दिलं, काही उपयोग नाही. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा आम्ही एका गोलने मागे होतो. सर रेषेवर उभे, हात हलवतायत, तोंड उघडतायत, आवाज नाही. आणि मैदानावर आमच्या तिघी जणी चेंडू सोडून सरांच्या ओठांकडे बघत उभ्या. त्यांच्या मागून समोरची खेळाडू चालत गेली म्हटलं तरी चालेल, आणि दुसरा गोल झाला.

मी बाकावर होते. मला ओरडता आलं असतं. पण मी ओरडले असते तर त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या असत्या. मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं होती ती.

मग यम्नाने सरांकडे पाठ केली. मुद्दाम केली, मी बघितलं. आणि ती ओरडली, "उधर मत देखो! मुझे देखो! यल्ला, यल्ला!" म्हणजे अरबीत आपलं 'चला, चला'. बचाव फळीतली वैभवी आपली जागा सोडून पुढे गेली, जे सरांनी तिला कधीच करू दिलं नसतं. चेंडू गमावला, पुन्हा मिळवला. चुका केल्या, खूप केल्या. आणि दोन दोन बरोबरी करून त्या बाहेर आल्या.

आनंद व्हायला हवा होता ना? गाडीत वैभवी हळूच म्हणाली, "इज सर अँग्री विथ अस?" सर पुढच्या सीटवर, गळ्याला मफलर. त्यांना उत्तर द्यायला आवाज नव्हता. की द्यायचं नव्हतं, तेही आम्हाला कळलं नाही.

तर सर, तुम्ही खरं मागितलंत. आपल्या संघाची सगळ्यात मोठी कमजोरी ना उजवी बाजू आहे, ना बचाव. आपल्या मुली तुमच्यावर इतका विश्वास ठेवतात की स्वतःवर ठेवायला शिल्लक राहत नाही. हे तुमच्या प्रेमातून झालंय. पण झालंय.

वैभवी, मागच्या रांगेत तू सगळ्यांना इंग्लिशमधून सांगतेयस, मला दिसतंय. हेही सांग. थांबू नकोस.

आता मी जे बोलणार आहे ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. मघाशी उपेंद्रकाकांनी मंडळातर्फे भेट जाहीर केली. मोठा स्क्रीन आणि स्पीकर, म्हणजे सर कोल्हापुरातून उरलेल्या प्रत्येक सामन्यात आमच्या बाकाशेजारी दिसतील आणि त्यांचा आवाज मैदानभर ऐकू येईल. आणि उद्या ढोल-ताशाच्या गजरात सरांना बाकावर बसवायचं ठरलंय. काका, या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. पण तो स्क्रीन कृपा करून मंडळाच्या हॉलमध्ये लावा. आणि सर, उद्या तुम्ही आमच्या बाकावर बसू नका.

बाबा, खाली बघू नका.

मला कारण सांगू द्या. उद्या तुम्ही बाकावर असाल तर वासिफ सरांना तुमचा संघ दिसेल. आणि तुम्ही तर रविवारी जाणार. मग त्यांनी फैसला कशावरून करायचा? जो संघ सोमवारी इथे उरणार आहे, तोच उद्या त्यांना दिसला पाहिजे. कदाचित तो हरेल. समोर विजेते आहेत. यम्ना काल माझा हात धरून म्हणाली, "दीदी, डोन्ट से इट, प्लीज. सर के बिना हम हार गए तो टीम खलास." आत्ताही ती मागे बसून मान हलवतेय. यम्ना, तू म्हणतेस ते होऊ शकतं. मी खोटा धीर देणार नाही. पण शारजाच्या मैदानावर पाठ मी फिरवली नव्हती, तू फिरवली होतीस.

हो काका, मला कळतंय, वेळ झाली. दोनच मिनिटं.

सर काहीतरी म्हणतायत. माइक द्या ना सरांना. नको म्हणतायत. आवाज अजून पुरता आलेला नाही, मीच सांगते. सर विचारतायत, "मग बसू कुठं?"

प्रेक्षकांत, सर. काकूंच्या शेजारी. काकू म्हणतायत, "मी बघते यांच्याकडं. उठू द्यायची न्हाई."

आणखी काय म्हणालात सर? "आणि हरलात तर?"

हरलो तर रविवारी आम्ही सगळ्या जणी विमानतळावर येऊ. आजवर प्रत्येक पराभवानंतर आम्ही का हरलो ते तुम्ही आम्हाला सांगत आलात. या वेळी आम्ही तुम्हाला सांगू. तुम्ही फक्त ऐकायचं, आणि आमचं कुठे चुकतंय असं वाटलं तरी विमान सुटेपर्यंत बोलायचं नाही. कबूल?

सरांनी अजून हो म्हटलेलं नाही. ते वासिफ सरांकडे वळलेत. सर, मोठ्याने सांगू का सगळ्यांना? सांग म्हणतायत. ते वासिफ सरांना म्हणाले, "कल मेरी कुर्सी आपके बाजू में रखो। मुझे भी देखना है, ये लड़कियाँ क्या करती हैं।"

सर, आभार हा शब्द मी आज वापरणार नव्हते, कारण तो तुमच्या रागावण्यापुढे फार लहान पडतो. तरी वापरते. ज्यांच्या घरी मुलींनी अर्धी चड्डी घालून मैदानावर जाणं कुणालाच पटत नव्हतं अशा किती आयांना तुम्ही आणि काकूंनी चहा पाजून पटवलंत, त्यात माझी आईही होती. मंडळाने हा समारंभ घडवला, अध्यक्षांनी मला ठरल्यापेक्षा जास्त बोलू दिलं, वासिफ सर न कळणारी भाषा इतका वेळ शांतपणे ऐकत राहिले, या सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे.

बोलताना माझी पायरी सुटली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आपल्या घरातलीच एक मुलगी बोलली असं समजून पोटात घाला. उद्या मैदानावर ज्या चुका होतील त्यांची माफी मात्र मी मागत नाही. त्या आमच्या आम्हाला करू द्या.

नमस्कार.